केन्शी: शेतात पीक, साठ्यात पीठ, तरी माणसं उपाशी – ही भानगड पुन्हा पुन्हा का होते?

चौथ्यांदा बेस (गेममध्ये आपण उभारलेली वस्ती) उपासमारीने बसला तेव्हा मी गेम थांबवला आणि वही काढली. नऊ माणसं, गव्हाची दोन मोठी शेतं, पिठाने काठोकाठ भरलेला साठा, आणि सगळ्यांच्या भुकेचा आकडा तळाला. पांडू दाराशी कोसळलेला. सदू खाणीवर धडपडतोय. आणि गोदाक्का, जिला मी खास स्वयंपाकासाठी म्हणून घेतली होती, ती शांतपणे शेताला पाणी घालतेय. ओव्हन गार.

(होय, माझ्या स्क्वॉडमध्ये, म्हणजे टोळीत, सगळ्यांची नावं अशीच असतात. गेमने दिलेली नावं लक्षात राहत नाहीत, आणि नाव आपलं असलं की माणूस मेल्यावर जरा जास्त लागतं.)

आधीच्या तिन्ही वेळी मी एकच उपाय केला होता: आणखी एक शेत. तिन्ही वेळा हाल वाढले. बेसमध्ये अन्न संपलं म्हणजे अन्न कमी पिकतंय, हे इतकं उघड वाटतं की दुसरीकडे पाहायचं सुचतच नाही. वही घेऊन बसल्यावर दिसलं ते असं: माल भरपूर होता, पण तो शेतातून तोंडापर्यंत नेणारे हात मीच भलत्या क्रमाने कामाला लावले होते. आणि प्रत्येक नव्या शेताने त्या हातांवर आणखी काम टाकलं होतं.

ज्यांनी गेम नुकताच घेतलाय त्यांच्यासाठी दोन ओळी. केन्शी हा ख्रिस हंटच्या लो-फाय गेम्सचा गेम. २०१३ पासून अर्ली ॲक्सेसमध्ये (म्हणजे अर्धवट असतानाच विक्रीला) होता, पूर्ण रूपात ६ डिसेंबर २०१८ ला आला. यात तुम्ही नायक वगैरे नसता. नेहमीच्या सुरुवातीला हब नावाच्या पडक्या गावात, बॉर्डर झोनमध्ये, खिशात १००० कॅट्स (तिथलं चलन) घेऊन उभे असता आणि पहिल्या तासाभरात कोणीतरी तुम्हाला मरेस्तोवर मारून तुमचं जेवण घेऊन जातं. पुढे माणसं जमतात, मग वाटतं आपलीही वस्ती असावी. उपासमारीची गोष्ट इथून सुरू होते.

भूक कशी चालते

पोट पूर्ण भरलेलं असलं की आकडा ३०० असतो. तिथून तो उतरत जातो. ज्याच्या अंगावर किंवा पाठीवरच्या पिशवीत खायचं असेल तो भूक लागली की आपला आपण खातो, सांगावं लागत नाही. बेसमध्ये ‘फूड स्टोअर’ नावाचं अन्नाचं पिंप ठेवलं की भुकेले तिथे जाऊन खातात. पण पिंप अन्नाचंच हवं. साध्या पेटीत तुम्ही पन्नास डस्टविच (पावापासून बनणारं गेममधलं खाणं) ठेवलेत तरी पेटीशेजारी माणूस उपाशी पडेल. हे मी स्वतः करून पाहिलं आहे, अर्थात मुद्दाम नव्हे.

भूक वाढली की कौशल्यं घसरतात. म्हणजे उपाशी माणूस लढतो वाईट आणि कामही रडतखडत करतो. त्यामुळे अन्न आणखी उशिरा तयार होतं, त्यामुळे आणखी भूक. एकदा हे चक्र फिरायला लागलं की मुळातला दोष किरकोळ असला तरी बेस आडवा होतो. म्हणूनच दोष वेळेवर सापडणं महत्त्वाचं.

आणखी एक गोष्ट: सगळे सारखं खात नाहीत. स्केलेटन म्हणजे यंत्रमानव, ते काहीच खात नाहीत. शेक ही गेममधली एक लढाऊ जमात, ते माणसांपेक्षा जास्त खातात. पाच शेक लढवय्ये घेऊन बेस मांडणाऱ्याने आपलं गणित आपल्याच मापाने करू नये.

निदान: तोंडाकडून मागे चालत जा

सगळे साधारण शेतापासून तपासायला सुरुवात करतात. उलटं करा. गेम थांबवा, अन्नाच्या पिंपापाशी जा आणि एका डस्टविचचा माग काढत मागे चला: पिंप, मग चूल (इथे डस्टविच होतं), मग ओव्हन (इथे पाव), मग पीठ, मग गहू, शेवटी पाणी. जिथे पहिल्यांदा ‘भरलेलं’ दिसेल तिथे थांबा. भरलेल्या जागेच्या आणि पुढच्या रिकाम्या जागेच्या मधे तुमचा दोष आहे.

हे वाक्य मी वहीत चौकटीत लिहून ठेवलं होतं, कारण यानेच बहुतेक वेळा उत्तर सापडतं. पिंप रिकामं, ओव्हन रिकामा, पिठाचा साठा भरलेला: म्हणजे शेत, पाणी, दळण सगळं ठीक आहे, ओव्हनवर कोणी उभं नाही. पीठ रिकामं आणि गव्हाचा साठा भरलेला: दळणावर कोणी नाही. गव्हाचा साठाही रिकामा, पण शेतात पिकून उभं आहे: कापणीला कोणी येत नाही. आणि शेतच सुकलेलं असेल तर मग पाण्याकडे बघा. तोवर नवं शेत लावायचं नाही म्हणजे नाही.

पिकून उभं राहिलेलं पीक तसंच राहतं असं समजू नका. वेळेत कापलं नाही तर ते मरतं. माझ्या दुसऱ्या बेसवर हेच होत होतं आणि मी जमिनीला दोष देत होतो.

ओव्हनवर किंवा चुलीवर क्लिक केलं की ते यंत्र काय काय कच्चा माल मागतंय आणि त्यातलं आत काय आहे ते दिसतं. ती खिडकी वाचायची सवय लावा. दोन वस्तू लागतात आणि एकच पोचली असेल तर स्वयंपाकी तिथे उभाच राहणार नाही, तो यादीतल्या पुढच्या कामाकडे जाईल आणि तुम्हाला वाटेल तो कामचुकार आहे.

पावाचा एक वेगळा घोळ आहे. पाव हा डस्टविचचा कच्चा माल आहे आणि तो तसाही खाता येतो. भुकेली माणसं असताना पाव जर अन्नाच्या पिंपात जात असेल तर तो तिथेच फस्त होतो, चुलीपर्यंत पोचतच नाही. मग ‘डस्टविच का बनत नाहीत’ म्हणून डोकं खाजवायचं. घाईच्या काळात हे चालून जातं, पाव खाऊनही माणूस जगतो. पण कायमची व्यवस्था करायची असेल तर ओव्हन आणि चूल जवळजवळ ठेवा, आणि पाव कुठे जातोय यावर दोन दिवस डोळा ठेवा.

कामांची यादी: खरा गुन्हेगार

आता मूळ मुद्दा. एखाद्या यंत्रावर किंवा शेतावर शिफ्ट धरून राइट-क्लिक केलं की ते काम त्या माणसाच्या कायमच्या यादीत जातं. हे सगळ्यांना माहीत असतं. पण ती यादी म्हणजे ‘हे सगळं आलटून पालटून कर’ असा हुकूम आहे अशी बहुतेकांची समजूत असते. तसं नाही. माणूस दरवेळी यादीच्या माथ्यापासून सुरू करतो. पहिल्या कामात करण्यासारखं काही असलं तर तेच करतो. तिथे खरोखरच काही उरलं नसेल तेव्हाच दुसऱ्याकडे उतरतो.

आता गोदाक्काची यादी बघा, मी वहीत उतरवून घेतली होती: जखमींवर उपचार, गव्हाचं शेत एक, गव्हाचं शेत दोन, पीठ, ओव्हन, चूल. कागदावर किती छान दिसतं. शेतापासून ताटापर्यंत, क्रमाने. मी तर खूश होतो या यादीवर.

पण शेताचं काम कधी संपतं का? पाणी घालून झालं की काही रोपं वर येतात, ती कापून होईपर्यंत दुसऱ्या टोकाला पाणी कमी झालेलं असतं. एका शेतात तरी मधेच उसंत मिळते. दोन मोठ्या शेतांत ती मिळत नाही. म्हणजे गोदाक्का यादीच्या तिसऱ्या ओळीखाली जवळजवळ कधी उतरतच नव्हती. अन्न कमी पडलं म्हणून मी तिसरं शेत लावलं असतं, तर तिला ओव्हन जन्मात दिसला नसता. शेत वाढवल्यावर उपासमार वाढते ती अशी.

यावरचा उपाय साधा आहे आणि थोडा खर्चिक: तोंडाजवळचं काम वर, शेताजवळचं काम खाली. चूल, मग ओव्हन, मग पीठ, आणि सगळ्यात शेवटी शेत. चुलीला माल नसला की गोदाक्का आपोआप ओव्हनकडे उतरते, ओव्हनला पीठ नसलं की दळणाकडे, आणि सगळं रिकामं असलं की शेतात जाते. पूर्ण साखळी एकाच माणसाकडून करून घ्यायची असेल तर हाच क्रम. उपचाराचं काम मात्र सगळ्यांत वर राहू दे. ते फक्त कोणी जखमी असलं तरच जागं होतं, एरवी वाटेत येत नाही.

सात-आठ तोंडांच्या पुढे गेलात की मात्र एकाच माणसावर साखळी ठेवू नका. माझी आताची वाटणी अशी आहे: एकजण फक्त शेत, दुसरा दळण आणि ने-आण, तिसरी ओव्हन आणि चूल. या तिघांच्या यादीत दुसरं काहीही टाकायचं नाही. ‘रिकामा वेळ आहे तर तांबं खणेल’ असा मोह होतो. नका करू. रिकामा बसलेला स्वयंपाकी म्हणजे पिंप भरलंय, याहून चांगली बातमी या गेममध्ये नाही.

दुसरा चोर म्हणजे बांधकाम. इंजिनिअरचं काम कोणाच्या यादीत वर असेल तर अर्धवट भिंत असेपर्यंत तो भिंतीलाच चिकटून असतो. आणि आपण काय करतो? बेस मांडल्या मांडल्या भिंतीचा भला मोठा वेढा आखतो, फाटक, बुरूज, सगळं एकदम. मग नऊपैकी सहाजण पंधरा दिवस दगड फोडतात आणि भिंत उभारतात, आणि भिंत पुरी होते तेव्हा आत राखायला कोणी जिवंत नसतं. भिंतीचे तुकडे एकावेळी चार-पाचच आखा. बाकीचे नंतर. बांधकामाचं काम फक्त दोघांच्या यादीत ठेवा, आणि अन्नवाल्या तिघांच्या यादीतून ते काढून टाका. नव्या माणसाला घेतल्यावर सवयीने त्याला सगळी कामं लावली जातात, तिथेच हे घुसतं.

तिसरं, भांगेचं शेत. हशीश विकून पैसे येतात हे खरं आहे, आणि ऐकलं की प्रत्येकजण दोन वाफे लावतोच. पण ते शेतही पाणी पितं आणि हातही मागतं. स्वयंपाकघर स्वतःच्या पायावर उभं राहीपर्यंत नगदी पिकाच्या नादी लागू नका. (विदर्भातल्या आमच्या एका काकांचं हेच म्हणणं कापसाबद्दल असतं, पण तो विषय वेगळा.)

यादी बरोबर, तरी काम होत नाही?

मग आधी पोशाख आणि पिशवी बघा. हसू नका. लढाईनंतर आपण लूट गोळा करायला ज्याला त्याला पाठवतो, आणि स्वयंपाक्याच्या अंगावर तीन गंजक्या तलवारी आणि फाटके कोट पडून राहतात. त्याच्याकडे पाव ठेवायला जागाच नाही, म्हणून तो ओव्हनमधून माल उचलू शकत नाही. ओव्हन भरतो, काम थांबतं. ज्यांना ने-आण करायची आहे त्यांचं सामान रिकामं हवं, हा नियम करून टाका.

याचंच दुसरं रूप: माल पोचवायची जागा भरलेली. पिठाचा साठा तुडुंब झाला की ने-आण करणारा हातात पीठ घेऊन घोटाळत राहतो. त्याच्या पिशवीत डोकावा, तिथे पाच-सहा पोती सापडतील. ती स्वतः काढून ओव्हनमध्ये टाका किंवा दुसरा साठा बांधा, गाडी पुन्हा रुळावर येते. मला तर वाटतं पिठाचा साठा मुद्दाम लहान ठेवावा. मोठा साठा भरलेला दिसला की आपल्याला उगाच सुबत्ता वाटते.

कामं चालू-बंद करायचं बटण चुकून बंद पडलेलं असू शकतं. लढाईच्या धांदलीत हे नेहमी होतं.

मग वाटा. कधीकधी माणूस एकाच जागी उभा राहून पाय घासत असतो, किंवा फाटकाशी येऊन परत फिरतो, पुन्हा येतो. उतारावर बांधलेली घरं, भिंतीला अगदी खेटून ठेवलेली यंत्रं, दारासमोर मांडलेलं पिंप, ही नेहमीची कारणं. आधी गेमचा वेग कमी करून पाहा. सर्वात जास्त वेगावर बरीच माणसं वाटेत अडखळतात, साध्या वेगावर तीच नीट चालतात. मग सेव्ह करून पुन्हा लोड करा. तरी अडत असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एफ११ एकत्र दाबा. याने चालण्याच्या वाटांचा नकाशा गेम नव्याने बनवतो. थोडा वेळ सगळं अडखळतं, घाबरू नका.

हेही चाललं नाही तर शेवटचा उपाय म्हणजे लोड करण्याच्या जागी असलेलं ‘इम्पोर्ट’. याने जग नव्याने मांडलं जातं आणि तुमची माणसं, सामान वगैरे तुम्ही खुणा केल्याप्रमाणे त्यात आणली जातात. काय ठेवायचं त्या खुणा डोळ्यात तेल घालून वाचा, बांधलेल्या इमारती ठेवायच्या असतील तर ती खूण हवीच. आणि आधी वेगळ्या नावाने सेव्ह करून ठेवा. एकाच नावावर सेव्ह करत राहण्याची सवय ज्यांना आहे त्यांनी ती आजच मोडावी. आमच्याकडे पावसाळ्यात वीज जाते तेव्हा सेव्ह चालू असतानाच जाते.

हल्ल्यानंतरची उपासमार

हा प्रकार वेगळा आहे, कारण यात कालपर्यंत सगळं व्यवस्थित चाललेलं असतं. डस्ट बॅन्डिट नावाचे लुटारू येतात, किंवा ते हडकुळे हंग्री बॅन्डिट. फाटकाशी मारामारी होते. तुम्ही जिंकता. आणि तीन दिवसांनी भुकेचा आकडा खाली यायला लागतो.

होतं असं की बेसवर हल्ला झाला की स्वयंपाकीही लाटणं टाकून पळत जातो. त्याला लढता येत नाही. हात मोडतो, पाय मोडतो, तो दोन-तीन दिवस बेडवर. साखळीतली नेमकी शेवटची कडी तुटली. बाकी सगळे काम करत राहतात, पीठ साचत राहतं, आणि आपल्याला वाटतं जिंकलो.

अन्नवाल्या तिघांना ‘पॅसिव्ह’ करा, म्हणजे ते लढायला जाणार नाहीत. शक्य असेल तर ओव्हन आणि चूल फाटकापासून सर्वात लांबच्या घरात ठेवा. आणि दुसऱ्या कोणाच्या तरी यादीत, अगदी तळाशी, ओव्हन आणि चूल टाकून ठेवा. एरवी तो तिथवर पोचणार नाही. पण ज्याच्याकडे फारसं काम नाही असा माणूस निवडला, तर स्वयंपाकी पडल्यावर तो आपोआप जागा घेतो. माझ्याकडे हे काम आता पांडूकडे आहे. त्याचा पाव फार सावकाश होतो, पण होतो.

उपचाराचं सामान संपलेलं असणं हेही इथे कारण असतं. फर्स्ट एड किट आणि मोडलेल्या हातापायांसाठी स्प्लिंट यांचा थोडा साठा अन्नाइतकाच जपून ठेवा.

जागाच चुकली असेल तर

बेस मांडायच्या आधी तिथे माणूस उभा करून प्रॉस्पेक्टिंगची खिडकी उघडा. पाणी किती, जमीन किती सुपीक, दगड, लोखंड, तांबं, सगळं दिसतं. लोक लोखंड-तांब्याकडे बघून जागा ठरवतात. आधी पाणी बघा. पाणी कमी असेल तर शेताला पाणी नेण्यातच एक माणूस जातो, कारण इथे पाट काढायची सोय नाही, पाणी माणसानेच वाहायचं.

आणि पीक जमिनीप्रमाणे. कोरड्या भागात निवडुंग, दलदलीत राइसवीड, हिरव्या भागात ग्रीनफ्रूट. वाळवंटात ग्रीनफ्रूटचा हट्ट करणाऱ्याला उत्तर देण्यासारखं माझ्याकडे काही नाही. घरात पिकवायची हायड्रोपोनिक्सची सोय पुढे संशोधनातून मिळते, पण तिथवर पोचायला आधी जगावं लागतं.

होली नेशन या गेममधल्या कट्टर धार्मिक राज्याच्या हद्दीतली जमीन सुपीक आहे म्हणून तिथे जाणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की त्यांचे लोक प्रार्थनेसाठी तुमच्या दारात येतात, आणि तुमच्यात स्केलेटन किंवा शेक दिसले की प्रार्थनेचं रूपांतर कत्तलीत होतं. युनायटेड सिटीज या दुसऱ्या राज्याच्या हद्दीत कर मागायला येतात. ते त्या मानाने सभ्य.

आता माझं खरं मत सांगतो, पटलं तर बघा. पाच-सहा माणसं असताना बेस मांडूच नये. हबमध्ये पडकी घरं विकत मिळतात, बांधकामाचं सामान लावून ती दुरुस्त करता येतात. स्क्विन या दुसऱ्या गावातही घर घेता येतं. गावातल्या घरात संशोधनाचं टेबल मांडता येतं, बेड टाकता येतात, आणि तुमच्या वस्तीवर जशा धाडी पडतात तशा गावातल्या घरावर पडत नाहीत. समोरच बार आहे, तिथे तयार अन्न मिळतं. जवळ तांबं खणून विकलं की एवढ्या माणसांचं पोट सहज भरतं. मग हळूहळू कौशल्यं वाढवा, पैसे साठवा, आणि ज्या दिवशी चाळीस-पन्नास वेळचं अन्न बरोबर नेता येईल त्या दिवशी माळावर जाऊन पहिली कुदळ मारा. पहिलं पीक हाताशी येईपर्यंत विकतच्या अन्नावरच जगायचं आहे, हे गृहीत धरून चला. माझा पहिला बेस गेला तो याच भाबडेपणाने: बी पेरलं की जेवण मिळेल.

आत्ता, या क्षणी, सगळे उपाशी आहेत?

थांबवा. स्पेस दाबा. वेळ थांबलेली असताना भूक वाढत नाही, त्यामुळे शांतपणे विचार करायला तुमच्याकडे पाहिजे तितका वेळ आहे. फारच कमी लोक याचा फायदा घेतात.

वेगळ्या नावाने सेव्ह करा. सगळ्यांच्या पिशव्या, मेलेल्या बॅन्डिटांच्या पिशव्या, ओझ्याच्या जनावराची पाठ, संशोधनाशेजारची ती विसरलेली पेटी, सगळीकडे अन्न शोधा आणि ते अन्नाच्या पिंपात टाका. मला एकदा एका पेटीत बारा रेशन पॅक सापडले, मी स्वतःच ‘अडीअडचणीला’ म्हणून ठेवलेले.

मग बांधकाम, खाण, संशोधन, सगळं बंद. सगळ्यांच्या यादीत वरती ओव्हन किंवा चूल, जिथे माल साचलाय ते. कायमचं नव्हे, दोन दिवसांसाठी. साचलेल्या पिठाचे पाव झाले की निम्मं संकट टळतं.

सर्वात वेगाने धावणाऱ्या माणसाला, त्याच्या भुकेचा आकडा त्यातल्या त्यात बरा असेल तर, सगळे कॅट्स देऊन जवळच्या बारकडे पाठवा. त्याच्या पिशवीतलं ओझं काढून टाका, ओझ्याने वेग मरतो. स्केलेटन असेल तर विचारच करू नका, त्यालाच पाठवा, त्याला भूकच नाही.

पैसेही नसतील तर शिकार. बॉर्डर झोनसारख्या भागात रानबकऱ्या फिरतात. दोघा-तिघांनी मिळून मारा, मांस आणा, शेकोटीवर ते भाजून वाळवलेलं मांस तयार होतं. शेकोटीला संशोधन लागत नाही, ओव्हन लागत नाही. मात्र ज्या भागात बीक थिंग (लांब मानेचे मांसाहारी प्राणी) फिरतात तिथे उपाशी माणसांना शिकारीला पाठवू नका. शिकार कोणाची होईल हे तिथे आधी ठरलेलं असतं.

एवढं करूनही माणसं पडायला लागली तर बेस सोडा. खरंच सोडा. उचलता येईल ते उचला, बेशुद्धांना खांद्यावर घ्या आणि गावाकडे चालायला लागा. इमारती जागेवर राहतील, परत येता येईल. मी तिसऱ्या बेसवर हट्टाने थांबलो आणि सातजण गमावले. चौथ्या वेळी पांडूला सदूच्या खांद्यावर टाकलं, गोदाक्काला पुढे घातलं आणि स्क्विन गाठलं. तिथे तीन आठवडे तांबं खणून परत आलो.

सध्या पाचव्यांदा, बेसच्या त्याच जुन्या जागी आहोत. शेत एकच, मध्यम आकाराचं. गोदाक्काच्या यादीत फक्त तीन ओळी: उपचार, चूल, ओव्हन. काल रात्री पाहिलं तेव्हा ती चुलीशेजारी रिकामी उभी होती आणि सगळ्यांचे आकडे ३०० च्या आसपास होते. भिंत अजून निम्मी व्हायची आहे, उत्तरेची बाजू तर सताड उघडी. हंग्री बॅन्डिट परवा तिथूनच आत आले, सरळ पिंपाकडे गेले.